क्लचचं ऑईल आणि गावचं मत

गाडीच्या क्लचमध्ये कुठलं ऑईल घालायचं, हे त्या ऑईलच्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. झाकण पुसून मगच उघडा, डॉट 3 किंवा डॉट 4 घाला आणि सीलबंद डब्यातलंच घाला. एवढाच मजकूर. दोन सख्ख्या भावांतसुद्धा वाद होऊ नये इतका सरळ. तरी नंदगडात हे झाकण वाचलेला माणूस माझ्या बघण्यात नाही. कारण बॉनेट वर गेलं रे गेलं की कोणीतरी पुढे होऊन झाकण काढतो आणि बॅटरीवर उपडं ठेवतो. मजकूर खाली, रबर वर. पुढचा तासभर त्या रबराकडे बघत चर्चा चालते.

चर्चेला माणसं लागतात, ती आमच्याकडे भरपूर. नंदगड हे खानापूर तालुक्यातलं जुनं बाजाराचं गाव. एकेकाळी गोव्याकडचं मीठ, नारळ, सुपारी इथे उतरायची. त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याच्या मालाची चौकशी करणं हा इथल्या माणसाचा वडिलोपार्जित हक्क आहे. मीठ यायचं थांबलं, चौकशी थांबली नाही. खानापूर, बिडी, हल्याळ, बेळगाव, कुठे ना कुठे निघालेली गाडी गावातून जातेच. शिवाय इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना 26 जानेवारी 1831 रोजी इथेच फाशी दिलं गेलं. त्यांच्या समाधीच्या दर्शनाला लांबलांबून लोक येतात, आणि 26 जानेवारीला तर गाड्या लावायला जागा मिळत नाही. इतक्या गाड्यांमधल्या एखादीचा क्लच बसणारच.

क्लच बसला हे ओळखायला मेस्त्री लागत नाही. पेडल दाबलं की खाली जातं आणि वर यायचं नाव घेत नाही. ड्रायव्हर वाकून, चपलेच्या टोकाने ते वर ओढतो. गिअर पडत नाही, पडला तर निघत नाही. मागच्या सीटवरची माणसं तोपर्यंत "रिव्हर्समध्ये घालून बघ" असं सुचवून मोकळी झालेली असतात.

यातली खरी अडचण अशी की 1983 पासून मारुती 800 ने लोकांना वायरच्या क्लचची सवय लावली. वायर डोळ्यांना दिसते. तुटली तर तुटलेली दिसते, ताणली तर ताणलेली. तिच्याबद्दल मत असायला वाव नाही. हायड्रोलिक क्लचमध्ये तसलं काही दिसत नाही. पेडलच्या मागे मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर, मधे बारीक पाइप आणि त्यात ऑईल. इथे दाबलं की तिथे दाबतं. द्रव दाबून आखडत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पलीकडे पोचतो. पास्कल नावाच्या फ्रेंच गृहस्थाने सतराव्या शतकात हे सांगून ठेवलं. हवा मात्र दाबली की आखडते. पाइपात एक बुडबुडा शिरला, तर पायाचा सगळा जोर त्या बुडबुड्याचं समाधान करण्यात खर्च होतो आणि क्लच आपला ढिम्म. जे दिसत नाही त्याबद्दल प्रत्येकाला मत असतं, आणि हायड्रोलिक क्लचमधलं काहीच दिसत नाही.

पहिला धक्का बसतो तो 'क्लचचं ऑईल' असं वेगळं काही नसतं हे कळल्यावर. क्लचमध्ये घालतात ते ब्रेक ऑईलच. हे ऐकून एका भल्या माणसाने विचारलं होतं, "ब्रेकचं ऑईल क्लचला घातलं तर क्लच दाबल्यावर गाडी थांबंल की ओ!" प्रश्न तर्काला धरून होता. उत्तर द्यायला कोणी पुढे आलं नाही.

कित्येक गाड्यांत तर ब्रेक आणि क्लच दोघांना एकच टाकी असते. त्यातही क्लचकडे जाणारी नळी टाकीला मुद्दाम वरच्या अंगाला जोडलेली असते. क्लच कुठे गळायला लागला, तर पातळी त्या नळीच्या तोंडापर्यंत उतरते आणि थांबते. खालचं ऑईल ब्रेकसाठी राखीव. पिण्याचं पाणी आधी, बाकीचं मग, असा हा न्याय. आमच्याच तालुक्यातल्या कळसा आणि भांडुरा नाल्यांच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक किती वर्षं भांडताहेत. म्हादई नदीच्या पाण्यासाठीच्या लवादाने 2018 मध्ये निवाडा दिला, कर्नाटकाच्या वाट्याला 13.42 टीएमसी लिहून दिलं, तरी कोर्टकचेरी चालूच आहे. तिकडे एवढ्याशा प्लास्टिकच्या टाकीने एक नळी जरा वर लावून असला तंटा मिटवून टाकला आहे. अर्थात टाकीला विधानसभा नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या सावकारांची जुनी गाडी अशीच बसस्टँडच्या अलीकडे बसली. बॉनेट वर गेलं, झाकण उपडं पडलं आणि सभा भरली.

पहिले आले ते ट्रॅक्टरवाले तात्या. त्यांची मांडणी बिनतोड. "क्लच कसला हाय? हायड्रोलिक. मग ऑईल कसलं पाहिजे? हायड्रोलिक. माझ्या ट्रॅक्टरच्या लिफ्टचं अर्धं कॅन घरात पडून हाय. आणतो की." वकिली शिकले असते तर तात्यांनी नाव काढलं असतं. त्यांना दुजोरा द्यायला एक जावईबापू हजर होते, तेही बेळगावात उद्यमबागेला कामाला असलेले. बेळगाव हे हायड्रोलिकचं गाव आहे हे खरंच. उद्यमबाग आणि मच्छे भागात पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आहेत, सुरेश हुंद्रे यांनी उभी केलेली पॉलिहायड्रॉन त्यातली नावाजलेली. जावईबापूंनी सांगितलं, आमच्याकडच्या मशिनीत अडुसष्ट नंबरचं ऑईल असतं, पाणी लावायची सोय नाही, एक नंबर. सासुरवाडीत जावयाचं म्हणणं खोडायची पद्धत नसल्याने सगळ्यांनी माना हलवल्या.

आणि नेमकं हेच क्लचच्या जिवावर उठणारं. कारखान्यातलं काय किंवा ट्रॅक्टरच्या लिफ्टचं काय, ते खनिज तेल, पेट्रोलियमच्या घराण्यातलं. ब्रेक ऑईल दिसायला तेलासारखं असलं तरी ते पेट्रोलियम नव्हे. ग्लायकॉल इथर नावाच्या रसायनापासून ते बनतं. क्लचच्या सिलिंडरमधले रबरी वॉशर ज्या जातीच्या रबराचे असतात, त्या रबराला ग्लायकॉल मानवतं आणि खनिज तेल बाधतं. खनिज तेल लागलं की वॉशर फुगतात. अगदी लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे फुगतात आणि जागचे हलत नाहीत. मग पेडल दाबलेलं दाबलेलंच राहतं. पुढे नुसतं ऑईल बदलून भागत नाही. मास्टर, स्लेव्ह, रबरी पाइप, सगळं उतरवावं लागतं. टाकी एकच असेल तर ब्रेकसुद्धा. तात्यांचं फुकटचं अर्धं कॅन सावकारांना गाडीच्या किमतीत पडलं असतं. फ्रान्सच्या सित्रोएनने 1960 च्या दशकात आपल्या गाड्यांच्या हायड्रोलिकला खनिज तेलच घ्यायचं ठरवलं, पण त्यांनी रबरही त्याला सोसेल असंच लावलं आणि तेल हिरवंगार ठेवलं, कोणी चुकू नये म्हणून. तात्या फ्रान्समध्ये असते तर त्या दिवशी जिंकले असते.

दुसरं मत मेजरांचं. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्रच आहे. आणि शिपाई म्हणून परत आलेल्यालाही गाव मेजरच म्हणतं. मेजर म्हणाले, ऑईल थंडीत गोठता कामा नये. लेहला एकदा सकाळी, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि लेहहून परत यायला बराच वेळ लावला. बाहेर पावसाची रिपरिप चालू, सगळ्यांच्या डोक्यावर इरली नाहीतर छत्र्या, आणि विषय बर्फाचा. गंमत म्हणजे डॉटच्या नियमांत खरंच उणे 40 अंशाला ऑईल किती घट्ट होतं ते मोजायची अट आहे. डॉट 4 ला त्या थंडीत जेवढा घट्टपणा चालतो, त्याच्या निम्माच डॉट 5.1 ला चालतो. म्हणजे अख्ख्या सभेत त्या नियमाला अनुसरून बोलणारे एकटे मेजरच होते. नंदगडला उणे 40 अंश झालं, तर क्लच दाबायला कोणी उरणार नाही हा भाग वेगळा.

मग नंबरांचा विषय निघाला. डॉट म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. ते खातं 1967 मध्ये कामाला लागलं, आणि त्याच्या आकड्यावरून आमच्या बसस्टँडवर भांडणं होतील हे तिथल्या साहेबांच्या स्वप्नातही आलं नसेल. कोरं, ताजं ऑईल किती अंशाला उकळतं यावर हे नंबर बेतलेले. डॉट 3 किमान 205 अंशांपर्यंत टिकलं पाहिजे, डॉट 4 किमान 230, डॉट 5 आणि 5.1 किमान 260. हे वाचून कोणाच्याही मनात जे येईल तेच सावकारांच्या मनात आलं. "पाच नंबरचं मिळतंय तर तीन नंबरचं कशाला? गाडी काय फुकट आलीया?"

पाच नंबरचं हे वेगळंच प्रकरण आहे. ते सिलिकॉनचं, जांभळं. अमेरिकी लष्कराने ते आपल्या गाड्यांना घातलं, कारण गोदामात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीतही ते पाणी ओढून घेत नाही. पण तीन-चार नंबरच्या ऑईलशी त्याचं मुळीच जमत नाही, ते मिसळतच नाही. आणि हवेचे बारीक बुडबुडे पोटात धरून ठेवायची त्याला खोड आहे, त्यामुळे पेडल भुसभुशीत लागतं. याच्या उलट 5.1 हे मात्र ग्लायकॉलचंच, तीन-चारच्या भावकीतलं.

हे एका निवृत्त तलाठ्यांना काही केल्या पटेना. त्यांचं सगळं आयुष्य सर्व्हे नंबरात गेलं. "पाच पूर्णांक एक म्हणजे पाचाचा पोटहिस्सा. मूळ जमीन एक, मालक एक. पाच चालत नसेल तर पाचाचा हिस्सा कसा चालेल?" त्यांना समजावणं अवघड होतं, कारण ज्याने हे नंबर दिले त्याची बाजू घ्यायची तर मलाही ती कळत नव्हती. पाच आणि 5.1 एकमेकांचे कोणीच नाहीत, आणि 5.1 ची सोयरीक चाराशी. असा उतारा कुठल्या तलाठ्याने काढला असता, तर त्याच्यावर खातेनिहाय चौकशी लागली असती.

तेवढ्यात सावकारांच्या पुण्यातल्या भाच्याचा फोन आला. भाच्याने मोबाईलवर रेसिंगच्या गाड्यांत घालतात ते ऑईल शोधून ठेवलं होतं, परवा घरपोच येईल म्हणाला. रेसिंगवाले ऑईल थोड्या थोड्या दिवसांनी बदलतात, कारण त्यांचं काम तापमानाशी असतं, टिकाऊपणाशी नसतं. सावकारांच्या गाडीची सर्वांत मोठी शर्यत म्हणजे काजूची पोती घेऊन आठवड्याच्या बाजाराला वेळेत पोचणं. भाच्याला "बघू" म्हणून फोन ठेवला गेला. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही.

सगळ्यांत शेवटी पारावरचे आप्पा बोलले. वय नव्वदीच्या आसपास, स्वतः कधी गाडी चालवलेली नाही. म्हणाले, "आधी एरंडेल घालायचे." सभा खो खो हसली. आप्पांनी तंबाखूचा बार भरला आणि गप्प झाले.

हसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं ते असं की सगळ्या सभेत इतिहासाला धरून बोलले ते आप्पाच. माल्कम लॉकहीड नावाच्या अमेरिकनाने 1917 मध्ये हायड्रोलिक ब्रेकच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1921 मध्ये ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना असे ब्रेक लागले. त्या जुन्या काळी ब्रेकच्या ऑईलमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण असायचं. तेव्हाचे वॉशर नैसर्गिक रबराचे, त्यांना एरंडेल सोसायचं. एरंडेलाचा मुख्य गुण आमच्या पिढीने रविवारी सकाळी घरोघरी अनुभवलेला आहे: आत गेलं की काही अडकून राहत नाही. क्लचलाही नेमकं तेवढंच हवं असतं. त्यात अल्कोहोलही घालत हे मी सांगितल्यावर मात्र सभेत एकदम चैतन्य पसरलं आणि दोघांतिघांची नजर गोव्याच्या दिशेला वळली.

शेवटी मेस्त्री आले. हल्याळकडचे, बोलतात कानडी, समजतात सगळं, ऐकतात कोणाचंच नाही. त्यांनी आल्या आल्या पिशवीतून क्वार्टरची बाटली काढली. त्यात तळाला बोटभर तांबूस ऑईल, तोंडाला वर्तमानपत्राच्या कागदाचा बोळा. आधीच्या कुठल्यातरी गाडीचं उरलेलं. मेस्त्री लोकांच्या पिशवीत ही बाटली असतेच, आणि अंधारात भलत्याच माणसाने ती भलत्याच हेतूने तोंडाला लावली, तर काय होईल या विचाराने माझ्या अंगावर काटा येतो. ब्रेक ऑईल विषारी असतं.

पण त्याहून जवळचा शत्रू पाऊस. खानापूर तालुक्याच्या पावसात मीठ पाझरतं, आगपेटी पेटत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरला बुरशी येते. ग्लायकॉलचं ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, तो त्याचा स्वभावच. सीलबंद डब्यातलंच घाला, असं झाकणावर लिहितात ते यासाठी. जुनं सादळलेलं ऑईल कसं वागतं तेही नियमांत मोजलेलं आहे: साधारण 3.7 टक्के पाणी मुरल्यावर डॉट 3 ला 140 अंशांपर्यंत आणि डॉट 4 ला 155 अंशांपर्यंत टिकता आलं तरी पास. कोरं असताना 230 आणि सादळल्यावर 155. चोर्ला घाटात ट्रकच्या मागे अर्ध्या क्लचवर सरकत निघालेल्या गाडीत हा फरक कामाचा ठरतो, कारण स्लेव्ह सिलिंडर बसतो तो तापलेल्या गिअरबॉक्सच्या अंगाला. पाण्याची वाफ झाली की पुन्हा बुडबुडा, आणि पेडल पुन्हा चपलेच्या टोकावर. सिलिंडरला आतून गंज चढतो तो वेगळाच. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदलावं असं बऱ्याच कंपन्या सांगतात. सावकारांच्या गाडीतलं ऑईल बाहेर काढलं तेव्हा ते कडक कॉफीच्या रंगाचं होतं. शेवटचं कधी बदललं होतं, असं विचारल्यावर सावकारांनी हिशेब थोरल्या मुलीच्या लग्नापासून लावला. त्या मुलीचा मुलगा बाजूला उभा राहून मोबाईलवर हे सगळं चित्रित करत होता.

क्वार्टरची बाटली बाजूला झाली. कोणीतरी दुकानात पळालं आणि डॉट 4 चा सीलबंद डबा घेऊन आलं. तेवढाच होता दुकानात. एवढ्या सभेचा निकाल असा मालाच्या तुटवड्यावर लागला. डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालतं, दोघं मिसळलीही चालतात, त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही. फक्त डबा उघडून ओतताना चार थेंब बॉनेटच्या कडेला सांडले. ब्रेक ऑईल गाडीचा रंग उचलतं. मेस्त्रींनी न बोलता तांब्याभर पाणी ओतलं. पाण्यात ते लगेच विरघळतं, म्हणून रंग वाचला. पाण्याचं हे एवढं एक काम ऑईलच्या बाबतीत चांगलं.

मग एअर काढणं. यात दोन माणसं लागतात. एक सीटवर बसून पेडल दाबतो, दुसरा गाडीखाली झोपून निप्पल उघडतो आणि बंद करतो. दाब, धर, निप्पल उघडलं, ऑईलबरोबर बुडबुडे गेले, निप्पल बंद, सोड. निप्पल बंद व्हायच्या आधी पेडल सोडलं की बाहेरची हवा परत आत. कामात अवघड असं काही नाही, फक्त हुकूम एकाच माणसाने द्यायचा असतो. आमच्याकडे अडचण तिथेच.

मेस्त्री खालून म्हणाले, "ओत्तु." सीटवर सावकारांचा पुतण्या, पुण्यात वाढलेला, कानडी शून्य. बाहेरून आठ जण ओरडले, "दाब रे!" त्याने दाबलं. "हिडी." आठ जण, "धर, धर!" आता हुकमाचा क्रम सगळ्यांच्या लक्षात आल्यामुळे मेस्त्रींनी तोंड उघडायच्या आधीच तात्यांनी पुढचा हुकूम दिला, "सोड!" पोराने सोडलं. खाली निप्पल उघडंच. पाइपाने घटाघट हवा ओढून घेतली आणि मेस्त्रींनी कानडीत जे म्हटलं त्याचं भाषांतर कोणीही केलं नाही.

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी सगळ्यांनी ओठ मिटून घेतले. ओत्तु झालं, हिडी झालं, निप्पल बंद झालं. खालून आवाज आला, "बिडु." पोराने पेडल तसंच घट्ट धरून ठेवलं आणि बाहेर बघत विचारलं, "बिडी कोणाकडे आहे?" मेजरांनी खिशातून एक काढून दिली. ती हातोहात गाडीखाली गेली. खाली थोडा वेळ शांतता. मग एक हात बाहेर आला, काडेपेटी मागणारा. बिडी पेटायला पाच-सहा काड्या गेल्या, सादळलेल्या. धूर वर आल्यावर काम मार्गी लागलं, आणि शेवटी पेडल पायाला ताठ लागलं. सावकारांनी तीन वेळा दाबून बघितलं, मग आप्पांना दाबून बघायला बोलावलं. आप्पांनी नको म्हटलं.

डब्यात निम्मं ऑईल उरलं होतं. मेस्त्रींचं म्हणणं, उघडलेलं ऑईल पावसाळ्यात ठेवून उपयोग नाही, फेकून द्या. पैसे देऊन घेतलेली वस्तू फेकणं सावकारांच्या रक्तात नाही. मेस्त्री गाडीखालून पाने गोळा करत असताना डबा कोणाला द्यायचा यावर पुन्हा थोडी चर्चा झाली आणि तात्या तो काखेत मारून निघाले. इतकं चांगलं ऑईल, ट्रॅक्टरच्या लिफ्टला घालतो म्हणाले, हायड्रोलिकच तर हाय. मेस्त्री अर्धे बाहेर येऊन ओरडले, "ब्याड री, ब्याड!" पण तोवर तात्यांचा ट्रॅक्टर चालू झाला होता, आणि त्या आवाजात नंदगडात आजवर कोणाला काही ऐकू आलेलं नाही.